माराकानातला शिपाई
बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, आमच्याकडं घराघरात कोण ना कोण फौजी असतोयच, म्हणून मला ब्राझीलच्या फुटबॉलपटू मारियो झगालोची गोष्ट लई भिडते. 1950 च्या वर्ल्ड कपला रिओच्या माराकाना स्टेडियमात ब्राझील उरुग्वेकडून 2-1 हरलं तेव्हा हा 18 वर्षांचा पोरगा तिथं शिपाई म्हणून ड्युटीवर होता, आणि आठच वर्षांनी वर्ल्ड कपच्या फायनलला स्वीडनविरुद्ध गोल मारून कप घेऊन आला की! 1962 ला परत. विंगर म्हणजे कडेनं हल्ला करणारा खेळाडू असून मागं पळत येऊन डिफेन्सला मदत करायचा, खरं ह्याचं कौतुक कमीच होतंय. 1970 ला स्पर्धेच्या थोडंच आधी आधीचा कोच साल्डान्याला काढून ह्याला कोच केलं, ह्यानं पेले, टोस्टाओ, रिव्हेलिनो सगळ्यांना एकाच टीममध्ये बसवलं आणि फायनलला इटलीला 4-1 हाणलं. खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून वर्ल्ड कप जिंकणारा पहिला माणूस हाच.