पंप गाडीतच राहिला

मी बेळगावात पेस्ट कंट्रोलचं काम करतो, झुरळं, ढेकूण, वाळवी हेच रोजचं. शिमगा झाल्यावर एक कॉल आला, जांबोटी रोडला एका गावात मातीच्या भिंतीला मोहोळ लागलंय म्हणून. फोन पुण्यातनं मुलाचा, घरात आज्जी एकटी. मला वाटलं आग्या असणार, जाळी, हातमोजे सगळं घेऊन गेलो.

बघतो तर मोहोळ कुठंच नाही. परड्याकडच्या भिंतीला पेन्सिल जाईल एवढी भोकं, पन्नासेक तरी, खाली बारीक माती सांडलेली आणि गुंऽऽ करत माशा आतबाहेर. नेहमीच्या सातेरी मधमाशीपेक्षा जाड, पोटावर निळे चमकते पट्टे, एक सेकंद ठरतील तर शपथ.

मावसभाऊ धारवाडला शेतकी शिकलेला, त्याला व्हिडिओ टाकला, लगेच फोन, "पंप खाली ठेव आधी, अमेजिल्ला आहे ती, एकटी राहणारी मधमाशी." ह्यांच्यात राणी नाही, कामकरी नाहीत, प्रत्येक मादीचं घर आपलं आपलं. आत पराग नि मधुरस कालवून ठेवायचा, त्यावर अंडं घालायचं नि तोंड बंद. राखायला पोळंच नाही मग अंगावर कशाला येतील, चिमटीत धरली तरच डंख. म्हणे इंग्लंडात अशीच जमिनीत भोकं पाडणारी अँड्रेना माशी मार्च-एप्रिलमधे लोकांच्या लॉनमधनं वर येते, तिथंपण लोक घाबरतात.

मी नाक लावून उभा राहिलो भिंतीला. काय नाही. आज्जी हसायला लागली, "मी रोज हितंच भांडी घासते की रे. पोरग्याला फोनवर दिसलं नि भ्यालं."

परड्यात तिची वांगी. वांग्याच्या फुलात परागाच्या पिशवीला टोकाला बारीक भोकच असतं, फूल धरून अंग थरथरवलं की मीठदाणीसारखा पराग सांडतो. सातेरीला ते जमत नाही, हिला जमतं. हे कळल्यावर मी तिथंच बसलो बघत, कामाचं सोडून.

मुलाला समजावलं, तो तरी "थोडं मारा की" म्हणत होता. नाही मारलं. मालकानं व्हिजिटचे पैसे माझ्या पगारातनं धरले, असू दे.

निघताना संध्याकाळ झालेली. कुंपणाच्या वाळक्या काडीला सात-आठ नर जबड्यानं काडी धरून ओळीनं लटकून झोपलेले. आज्जीला दाखवले तर म्हणाली, "हळू बोल, उठतील."