थंडी पडली, चिरा चढला
आज पहाटे धुक्यातच राजापूरकडच्या चिरेखाणीवर गेलो, घरासाठी जांभ्या दगडाचे चिरे कापतात तिथे. पावसात खाणीत पाणी, काम बंद; दिवाळी सरली की सगळ्यांनाच एकदम घर बांधायचं असतं. भाव चढणारच, वर गाडीभाडं. आणि मी बांधकामाचा दर घरमालकाला देऊन बसलोय गणपतीतला! तेव्हाच चिरा उचलायला हवा होता, पण तेव्हा खिशात होतं काय?

सिमेंटचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढंच हायसं. पण गोणी साठवणार किती? तीन महिन्यांत जोर उतरतो, त्यात आपली ही दमट, खारी हवा.

शेवटी त्या घरमालक काकांना फोन लावला. म्हटलं, चिरा तुम्ही घ्या, मजुरी माझी. म्हणाले, "बघूया रे, संध्याकाळी ये." निघालोय आता.