तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोवरून आकडा का सांगत नाही

“फोटो पाठवलाय, अंदाजे आकडा सांगायला तुमचं काय जातं?” मी जुन्या शस्त्रांची किंमत ठरवून देतो. घरात जुनी बंदूक सापडली की लोक मला हे विचारतात आणि नाही म्हटलं की दुखावतात. भाव खातो, असंही कानावर आलंय.

चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या कितीतरी बंदुका पुढे टोपीच्या, म्हणजे स्फोटक भरलेल्या छोट्या धातूच्या टोपीवर चालणाऱ्या केल्या गेल्या. नंतर कुणी किमतीसाठी पुन्हा चकमक बसवली असेल, तर ते नळीच्या बाजूला ठिणगी आत जाण्यासाठी असलेल्या भोकाशी भिंग धरल्यावर कळतं, फोटोत नाही. हे खरं आहे. पण माझं कारण एवढंच नाही.

सुरुवातीच्या काळात एका वयस्कर गृहस्थांनी कोल्ट १८५१ नेव्ही रिव्हॉल्व्हरचा फोटो दाखवला. या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर, १८४३ सालच्या मेक्सिकोतल्या कॅम्पेचेच्या आरमारी लढाईचं चित्र उमटवलेलं असतं. ते इतकं उथळ असतं की हाताळूनच झिजतं, आणि ते किती उरलंय यावर बरीच किंमत ठरते. यांच्या फोटोत जहाजांच्या डोलकाठ्यासुद्धा दिसत होत्या. मी हरखलो. मोठा आकडा सांगितला आणि म्हणालो, “जरा पुसून आणा, प्रत्यक्ष बघू.”

त्यांनी पुसलं. आधी रॉकेल, मग सँडपेपर, मग पॉलिश. माझ्यासमोर ठेवलं तेव्हा ते लखलखत होतं आणि गृहस्थ खुशीत होते. मी सिलिंडर फिरवून फिरवून पाहिलं. एकही जहाज उरलं नव्हतं. फ्रेम आणि नळीवरचे सिरियल नंबर जुळत होते, पण आकडे घासून पुसट झाले होते.

मी ‘पुसून’ म्हणालो होतो, ‘घासून’ नाही. बरीच वर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं. पण काळपट थर ज्याला मळ वाटतो, त्याला दुसरं काय ऐकू येणार? आणि मी आकडा सांगितलाच नसता, तर त्यांनी एवढी मेहनत घेतली असती का?

“मग तुम्ही सांगितलेला आकडा?” त्यांनी विचारलं. मी नवा सांगितला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मी बिघडवली का?” मी म्हणालो, “तुम्हाला कसं कळणार?” ते उत्तर नव्हतं. काय म्हणायला हवं होतं, हे मला आजही सापडलेलं नाही.

तेव्हा फोटो जरूर पाठवा. वस्तू कोणती, साधारण कुठल्या काळातली, ते सांगेन. आकडा ती समोर आल्यावर. तोवर तिला काहीही लावू नका, फडकंसुद्धा नाही.