मागचे मडगार्ड बसले, एकदाचे

गेले तीन शनिवार-रविवार मागच्या दोन मडगार्डांनी खाल्ले. घरी किटमधून स्वतः जोडत असलेली गाडी चाकांवर उभी आहे, इंजिन एकदा सुरू करून झालंय, त्यामुळे बायकोच्या मते आता "नुसतं वरवरचं" राहिलंय. त्या वरवरच्यानेच घाम काढला, तोही इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या मार्चमधल्या गॅरेजात.

गाडी लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची. मूळ सेव्हन १९५७ साली आली ती अ‍ॅल्युमिनियमचं नाक घेऊन. १९६० च्या दुसऱ्या मालिकेपासून नाक आणि मडगार्ड फायबरचे झाले. माझ्या किटमध्येही तसंच, अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि गोलाईचं सगळं फायबर. पुस्तिकेत या कामाला दीड ओळ दिलीय. "मडगार्ड जागेवर धरून बोल्टने कसावेत." बरं.

पहिल्या आठवड्यात एकही भोक पाडलं नाही. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा काढल्या आणि जॅकने चाक बंपस्टॉपला, म्हणजे चाकाचं वर जाणं थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर घेतलं. मागचं मडगार्ड अंगाला पक्कं असतं आणि चाक त्याच्या आत वरखाली होतं, म्हणून चाक सगळ्यात वर असताना टायर आणि फायबरमध्ये किती जागा उरते तेच खरं माप. मी दोन बोटं ठेवली. मग क्लॅम्प आणि मास्किंग टेपवर दोन्ही मडगार्ड टांगले, फरशीपासून उंची सारखी केली आणि मागून फोटो काढून कोल्हापूरला बाबांना पाठवला. बाबांची हयात उद्यमनगरात लेथवर गेली. पाच मिनिटांत फोन.

"उजवं दोन सूत वर हाय की रं."

मोजपट्टी लावली, सहा मिलिमीटर! चूक माझीच. गाडी स्टँडवर लेव्हलला घेतलेली, आणि माप घेतलं फरशीपासून, जी उजवीकडे चढती आहे. मडगार्डाच्या कडेवरही विसंबू नका. साच्यातून काढल्यावर ती हाताने कापलेली असते, डावी-उजवी कधीच सारखी नसते. माप चासीच्या पाइपापासून मडगार्डाच्या माथ्यापर्यंत घ्यायचं.

दुसऱ्या आठवड्यात ड्रिल. फायबरचा वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि स्वभावाने काचेसारखा. ड्रिलचं पातं चावलं की टवका उडालाच. म्हणून भोकाच्या जागी टेप चिकटवायची, मागे लाकडाचा ठोकळा धरायचा, आणि ड्रिल आधी उलटं फिरवायचं. उलटं पातं जेलकोट घासत घासत पार करतं, मग सुलट. बोल्ट सहाचा असला तरी भोक मी आठचं पाडलं, कारण फायबर आणि पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत. सात बोल्ट एका बाजूला, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने न सुटणारा नट.

भोकं छान झाली. घोळ कसताना झाला. उजव्या मडगार्डाचा वरून तिसरा बोल्ट आवळला आणि बारीक "टिक" असा आवाज आला. टेप काढली तर बोल्टच्या डोक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. मागून हात फिरवला तेव्हा कारण सापडलं, तिथे काचतंतूच्या मॅटची एक गाठ तशीच सुकली होती. बोल्टने फायबर त्या गाठीवर वाकवलं आणि जेलकोटला वाकणं ठाऊक नाही. मागची बाजू आधी ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सपाट करायला हवी होती. ती नंतर केली, चौदाच्या चौदा जागी, मास्क लावून. तरी मनगटांना खाजकुयली लागल्यासारखं झालंच. हात गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने नाही.

तडे बारीक ग्राइंडरने खोबणीसारखे उकरले, मूळ रंगाची जेलकोट पेस्ट दोन टक्के हार्डनर घालून भरली. ती उघडी ठेवली तर वरून चिकटच राहते. हवेतला ऑक्सिजन तिला पुरतं सुकू देत नाही. वरून सेलोटेप दाबून बसवली आणि रात्रभर हीटर लावला. सकाळी ६०० चा पेपर पाण्यात, मग १२००, मग पॉलिश. हात फिरवला तर कळत नाही. डोळ्याला मात्र कळतं, लाल रंग कणभर गडद आलाय.

तिसरा आठवडा सोपा गेला. पत्रा आणि मडगार्डाच्या मध्ये काळी रबरी पट्टी घालून बोल्ट हाताने बसवले, मग पाव फेरा, बास. स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकला की पाण्यात पत्रा सडतो, म्हणून खाली नायलॉनचे वॉशर. कडेला यू आकाराचं रबर चढवलंय, कारण आयव्हीए तपासणीत (घरी बांधलेली गाडी इथे रस्त्यावर आणण्याआधी होणारी सरकारी तपासणी) बाहेरच्या कडांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर लागते आणि फायबरची नुसती कड त्यात बसत नाही.

बाबांना नवा फोटो पाठवला. उत्तर आलं, "आता बरोबर. पण तिसऱ्या बोल्टापाशी काय केलंस?"