हरणीचं 'परत ये': कलेजी पुरेना तेव्हा

ज्वारी निघाली, शिवार मोकळं झालं आणि आमच्या हरणीच्या रिकॉलची, म्हणजे बोलावल्यावर परत येण्याची, खरी परीक्षा सुरू झाली. नव्यांसाठी: हरणी म्हणजे तरणी कारवान कुत्री. अंगणात, गल्लीत शिट्टी वाजली की ती असेल तिथून पळत येते, उकडलेल्या कलेजीचा तुकडा घेते, खूश. पण रानात बांधावरून ससा उठला की कलेजीला कोण विचारतं! नजरेवर शिकार करणारी जात ही.

म्हणून आता बक्षीसच बदललंय. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये लहान मुलांना गोळ्या-चॉकलेट आणि पिनबॉलचं यंत्र यांत निवड दिली होती. ज्यांना खेळ जास्त प्रिय, ती मुलं खेळायला मिळावं म्हणून जास्त खाऊ खायला लागली! जास्त आवडीचं काम कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं, असा त्याचा निष्कर्ष. हरणीला सगळ्यात प्रिय काय, तर पाठलाग. मग तोच द्यायचा. सशाचा अर्थातच नाही, तो वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. वेताच्या काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला जुनं फडकं, एवढ्यावर ती बेहद्द खूश असते.

रानात हरणीला बांधायची लांब दोरी हार्नेसलाच (छातीपट्ट्यालाच) लावतो, गळपट्ट्याला नाही. पळत्या कुत्र्याला झटका बसला तर मानेचं वाटोळं. लांबवर बगळे दिसले की हरणी थिजते: कान टवकारलेले, पुढचा एक पाय अधांतरी, शेपटी ताठ. काय करायचं ते याच क्षणात. एकदा झेप घेतली की शिट्टी फुकट. मी एकदाच फुंकतो, दोरी ओढत नाही, थांबतो. सुरुवातीला नुसता एक कान माझ्याकडे वळला तरी क्लिकर ('बरोबर केलंस' सांगणारी टक-टक डबी) वाजवायचो. आता ती अख्खी वळून येते, आणि आली रे आली की 'जा!' म्हणून फडकं उलट्या दिशेला पळवतो.

हे बघून मेंढरं घेऊन आलेले धनगरमामा हसले. ''पाव्हणं, पळणं हेच बक्षीस, मग कुत्रं कामाला कधी लागायचं?'' मी म्हटलं, ''मामा, तुमची कुत्री कशासाठी ऐकतात?'' थोडा वेळ विचार करून म्हणाले, ''मेंढरामागं जायला मिळतंय म्हणून.'' आता बोला!

सद्यस्थिती: बगळे जमले, शेळ्या बऱ्यापैकी जमल्या. ससा अजिबात नाही, म्हणून दोरी सुटणार नाही. शिट्टीनंतर प्रत्येक वेळी घरी नेत नाही, बहुतेकदा पुन्हा रानात दोरीसकट सोडतो. नाहीतर 'परत ये' म्हणजे 'मजा संपली' हे ती पटकन शिकेल.

पुढचा टप्पा संध्याकाळचा, कारण ससे तेव्हा जास्त बाहेर पडतात. पश्मी, म्हणजे रेशमी केसांची कारवान, पाळणाऱ्यांपैकी कुणी संधिप्रकाशात रिकॉल पक्का केला असेल तर सुरुवात किती अंतरावरून केलीत ते जरूर सांगा.