वकिलावर नाराज असाल, तर आधी रोजनामा काढा

आपल्याकडच्या तालुका न्यायालयांत वकिलाविषयीची नाराजी न्यायालयाच्या आवारात सहसा बोलली जात नाही. ती परतीच्या एसटीत किंवा गावच्या पारावर बोलली जाते. वकील बहुधा कुणाच्या तरी ओळखीने धरलेला असतो, सगळे कागद त्याच्याचकडे असतात, आणि ‘आता काही बोललो तर केस बिघडेल’ ही भीती माणसाला गप्प बसवते. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना ही भीती मी सतत पाहतो. भांडण, तक्रार किंवा वकील बदलणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी पक्षकाराने आपल्या प्रकरणाचा रोजनामा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

प्रत्येक पेशीला न्यायालयात काय घडले, कोण हजर होते आणि पुढची तारीख कशासाठी पडली, याची अधिकृत नोंद रोजनाम्यात असते. प्रत्येक प्रकरणाला १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये टाकला की मागच्या तारखांचे कामकाज आणि पुढची तारीख फुकट दिसते. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी न्यायालयात नकलेचा अर्ज करावा. स्वतःच्या प्रकरणाची नक्कल मागायला पक्षकाराला वकिलाची परवानगी लागत नाही, ही साधी गोष्टही अनेकांना ठाऊक नसते.

वाटणीच्या दाव्यातील एक मावशी कापडी पिशवीत जुन्या पावत्या घेऊन समितीत आल्या होत्या. ‘साहेब, माह्या केसचं काय झालं?’ असे त्यांनी विचारले की वकिलांकडून ‘पेशी वाढली’ एवढेच उत्तर मिळत असे. रोजनामा काढला, तेव्हा लागोपाठच्या नोंदींत ‘वादी व वादीचे वकील गैरहजर’ असे लिहिलेले आढळले, आणि शेवटच्या नोंदीत दावा गैरहजेरीमुळे काढून टाकलेला होता. असा दावा पुन्हा फायलीवर घेण्यासाठी ३० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात १९८१ मध्ये म्हटले आहे. परंतु त्यावर विसंबून राहता येत नाही, कारण पक्षकाराने स्वतः चौकशी केली होती की नाही, हेही न्यायालय पाहते. याउलट, कित्येकदा रोजनाम्यात ‘समन्स बजावणीविना परत’ किंवा ‘न्यायाधीश रजेवर’ अशाच नोंदी निघतात. तिथे वकिलावर राग धरणे अन्यायाचे आहे.

वकिलाचा खरोखरच दोष दिसला, तर वकील बदलण्याचा हक्क पक्षकाराला आहे. जुन्या वकिलांना तसे लेखी कळवून पोच जपून ठेवावी आणि न्यायालयाच्या परवानगीने नव्या वकिलांचे वकीलपत्र दाखल करावे. जुन्या वकिलांची ‘ना हरकत’ घेण्याची प्रथा आहे. ती ते देत नसतील, तर तसा अर्ज न्यायालयापुढे करता येतो. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात २००० मध्येच स्पष्ट केले आहे. फीचा वाद असेल, तर ती वसूल करण्याचा मार्ग वकिलाला वेगळा मोकळा आहे. सातबारा, खरेदीखत आणि इतर मूळ कागद मात्र त्याने परत दिलेच पाहिजेत. अर्थात, साक्षीच्या आदल्या दिवशी वकील बदलणे शहाणपणाचे नाही.

विदर्भात सर्वांत जास्त मनस्ताप मी वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांत पाहिला आहे. गोसीखुर्द, बेंबळा, निम्न वर्धा अशा प्रकल्पांत ज्यांची शेती गेली, त्यांच्याशी कुठे कुठे ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा करार केला जातो, आणि त्यासाठी कोऱ्या धनादेशांवर आधीच सह्या घेतल्या जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलाला मना आहे. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यावर त्याची प्रत देणे हेही त्याचे कर्तव्य आहे. कोऱ्या धनादेशावर सही करू नका आणि बँकेचे पासबुक कुणाच्याही स्वाधीन करू नका, असे मी प्रत्येक प्रकल्पग्रस्ताला हात जोडून सांगतो.

गैरवर्तन गंभीर असेल, तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ती मराठीत चालते. मात्र तिच्यावर सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याची लेखी ग्वाही) हवे आणि सोबत रोजनाम्याच्या नकला, पावत्या, पत्रव्यवहार जोडलेला हवा. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, वकिलीची सनद (परवाना) काही काळ निलंबित करू शकते किंवा नाव कायमचे काढू शकते. वर्षभरात निर्णय झाला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. केवळ आपसात तडजोड झाली म्हणून चौकशी बंद होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मात्र केस हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे. शिवाय या तक्रारीने बुडालेले पैसे परत मिळतीलच असे नाही. त्यासाठी दिवाणी दावा, आणि रक्कम हडपली असेल तर पोलिसांत फिर्याद, हे वेगळे मार्ग आहेत. ग्राहक आयोगाचा मार्ग १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आहे, त्यामुळे तिथे अर्ज लिहून देणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.

नव्या वकिलाची फी परवडणार नाही म्हणून जुन्याच वकिलाकडे अडकून पडणाऱ्यांत स्त्रिया आणि आदिवासी बांधव अधिक असतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका न्यायालयातच करता येतो आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. समितीने दिलेला वकील लक्ष देत नसेल, तर तसे समितीला लेखी कळवावे. तोही बदलून मागता येतो.