आधी फायली, मग विंडोज

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याच्या, मशीनमध्ये सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून वाढीव सुरक्षा अपडेट्स घेऊन हेच मशीन आणखी काही महिने चालवायचं ठरवलं. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती लागते, आणि नेमकी तीच बसत नव्हती. शेवटी सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’ आणि त्यात ‘कीप माय फाइल्स’, म्हणजे फायली ठेवून विंडोज नव्याने बसवण्याचा, रस्ता धरला. काम अर्ध्यावर असताना चाळीच्या मीटररूममध्ये काहीतरी जळलं. यूपीएसने थोडा वेळ तग धरला, मग सगळं बंद.

वीज आल्यावर पडद्यावर एकच निरोप. संगणक अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला, विंडोजचं इन्स्टॉलेशन पुढे जाऊ शकत नाही. ओके दाबलं की रीस्टार्ट, आणि पुन्हा तेच.

जुन्या कामांची प्रत बाहेरच्या डिस्कवर होती. पण आमच्या मंडळाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची शेवटच्या प्रुफानंतरची पानं फक्त याच मशीनवर होती. एका आजोबांनी हाताने लिहून दिलेल्या आठवणी, गेलेल्या कार्यकर्त्यांची नावं, सगळं तपासून लावलेलं. ते पुन्हा टाइप करता आलं असतं, पण पुन्हा तपासायला ते आजोबा आता नाहीत.

मुंबईतला संगणकाच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड आमच्या खेतवाडीतून चालत जाण्याच्या अंतरावर. एका दुकानात विचारलं. “ताई, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा.” डेटाचं काय, म्हटलं. “डी ड्राइव्हचा राहील, सीचा जाईल.” त्याने सरळ सांगितलं हे बरं केलं. बहुतेकांना मशीन चालू होण्याशी मतलब असतो. मला आतल्या पानांशी होता. एक बाहेरची हार्ड डिस्क आणि १६ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन परत आले.

रात्री बहिणीच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, त्या निरोपावरच शिफ्ट आणि एफ१० दाब. आणि काहीही दुरुस्त करायला जाऊ नकोस, आधी फायली बाहेर काढ.” या प्रसंगात मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला तोच. दुरुस्तीची प्रत्येक खटपट डिस्कवर काहीतरी लिहिते, आणि लिहिलं की खालचं पुसलं जाऊ शकतं.

शिफ्ट-एफ१० ने आदेश टाइप करायची काळी खिडकी उघडली. तिथे नोटपॅड लिहून एंटर केलं की नोटपॅड उघडतं, आणि त्याच्या ‘फाइल’मधल्या ‘ओपन’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडलं की सगळी डिस्क दिसते. माझं फोल्डर नेहमीच्या जागी नव्हतं. रीसेटने जुना पसारा ‘विंडोज.ओल्ड’मध्ये सरकवला होता, त्यातल्या ‘युझर्स’मध्ये स्मरणिका सापडली. पेजमेकर या पानं लावण्याच्या प्रोग्रॅमच्या फायली, फोटो, सगळं.

नोटपॅडमधून कॉपी-पेस्ट होतं, पण किती झालं, काही राहिलं का, ते कळत नाही. म्हणून त्याच काळ्या खिडकीतून रोबोकॉपी हा विंडोजमधलाच कॉपीचा आदेश वापरला. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मूळ सेटिंगप्रमाणे दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करत राहतं. बिघडलेल्या डिस्कवर हे भयंकर आहे. आर (किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबायचं) हे दोन्ही आकडे एकवर आणायचे. शिवाय एक्सजे हा पर्याय द्यायचा, कारण युझर्स फोल्डरमध्ये स्वतःकडेच परत नेणाऱ्या खोट्या वाटा असतात आणि कॉपी त्यात गोल गोल फिरत राहते. पहाटेपर्यंत सगळं बाहेर आलं. बाहेरची डिस्क काढून भाच्याच्या लॅपटॉपवर फायलींची यादी पडताळली, तेव्हा कुठे चहा प्यायले.

हे सगळं जमलं कारण माझ्या मशीनला बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, नव्हतं. आजकालच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि तिथे ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर कुणी काही करू शकत नाही. बहुधा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. मशीन धडधाकट असतानाच ती बघून कागदावर उतरवून ठेवा.

दुरुस्ती मग सोपी होती. आधी रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या नोंदवहीतल्या) ‘चाइल्ड कंप्लिशन’मध्ये सेटअपचा आकडा १ चा ३ केला. निरोप गेला, डेस्कटॉप आला, पण स्टार्ट मेनू उघडेना. असल्या अर्धवट विंडोजवर छपाईचं काम करायचं नाही, हे माझं स्पष्ट मत. भाच्याकडे मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह तयार केला, बाहेरची डिस्क काढून ठेवली आणि विंडोज कोरं टाकलं. थेट २२एच२च आलं. प्रॉडक्ट की विचारली तेव्हा ‘माझ्याकडे की नाही’ निवडलं. मदरबोर्ड तोच होता, त्यामुळे नेट जोडल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट झालं.

खरी कसोटी फाँटांची. पेजमेकरमधला आमचा मजकूर युनिकोड नाही, म्हणजे कुठल्याही मराठी फाँटात वाचता येईल असा नाही. फाँट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. जुन्या विंडोजमधलं फाँट फोल्डर मी आठवणीने काढून घेतलं होतं. ते टाकल्यावर मजकूर उमटला, पण मथळे मात्र तसेच चिन्हांत. पुष्कळ शोधल्यावर उलगडा झाला. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून डबल क्लिक करून टाकलेला फाँट मुख्य फोल्डरमध्ये जातोच असं नाही. तो त्या युझरच्या ‘अॅपडेटा’मध्ये, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फाँट्स’ अशा लपलेल्या फोल्डरमध्ये बसतो. सगळं युझर्स फोल्डर उचललेलं असल्यामुळे मथळ्याचा फाँट माझ्या डिस्कवर होताच.

छापील प्रुफ शेजारी ठेवून एकेक पान जुळवलं. ओळी जिथे तुटत होत्या तिथेच तुटल्या, र्‍हस्व-दीर्घ जागेवर होतं. मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या डोंगलचा (यूएसबीत खोचायच्या किल्लीचा) ड्रायव्हर अजून बसायचाय. तो नव्या मजकुरालाच लागतो, म्हणून स्मरणिका आधी प्रेसला पाठवली.